मुलांचं लाइफ जॅकेट : गळ्यात अडकवणं आणि अंगावर बांधणं यात फरक आहे

डिसेंबरच्या सुट्टीत मालवणच्या धक्क्यावर किंवा गेटवेच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं उभं राहा. खलाशी ढिगातून भगवी जॅकेटं उचलून देतो, आईबाबा ती मुलांच्या डोक्यातून घालतात, फोटो निघतो आणि बोट सुटते. पाच वर्षांच्या मुलीच्या अंगावर मोठ्या माणसाचं जॅकेट गुडघ्यापर्यंत लोंबतंय, नाड्या सुट्या आहेत, पण नियम पाळला गेला म्हणून सगळे खूश असतात.

अशी मुलगी पाण्यात पडली तर जॅकेट वर तरंगतं आणि ती खालून निसटते. लहान मुलांना खांदे जवळजवळ नसतात, कंबर-छाती सरळ एका रेषेत असते आणि घाबरलं की ती दोन्ही हात वर करतात. ढिलं जॅकेट डोक्यावरून निघून जायला एवढं पुरतं. त्यामुळे ‘जॅकेट आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ते कोणाच्या मापाचं आहे, कसं बांधलंय आणि कधी घातलंय, हे तीनही पाहायला हवं.

खालचे टप्पे प्रवासी होडी, लाँच, स्पीडबोट आणि तलावातल्या बोटिंगसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक चुका एखादा टप्पा गाळल्यामुळे नाही, तर उशिरा केल्यामुळे होतात.

१. निघण्याआधी : मुलाचं वजन करा

वयावरून जॅकेट निवडायचं नसतं. ‘आठ वर्षांचा आहे’ हे सांगून काही कळत नाही. आठ वर्षांचं मूल वीस किलोचं असू शकतं आणि पस्तीस किलोचंही. वजन काट्यावर करा, उंची भिंतीशी मोजा आणि दोन्ही आकडे फोनमध्ये लिहून ठेवा.

जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मापांचे तीन गट आहेत : १५ किलोपेक्षा कमी वजन आणि १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असेल तर तान्ह्यांचं जॅकेट, १५ ते ४३ किलो आणि १०० ते १५५ सेंटिमीटरपर्यंत मुलांचं, त्यापुढे मोठ्यांचं. बाजारात मिळणाऱ्या मनोरंजनाच्या जॅकेटांत यापेक्षा बारीक गट असतात, कारण १६ किलोच्या आणि ४० किलोच्या मुलाला एकच जॅकेट नीट बसणं कठीण आहे. लेबलवर किलोंचा जो पट्टा छापलाय, त्याच्या आत मूल बसलं पाहिजे. काठावर असेल तर दोन्ही मापं घालून बघा आणि जे घट्ट बसतं ते घ्या.

> थांबा : मूल साधारण ८ किलोच्या आतलं असेल तर बोटीचा बेत पुढे ढकला. इतक्या लहान बाळाला खात्रीनं बसणारं जॅकेट मिळणं अवघड असतं आणि आपल्याकडच्या धक्क्यांवर ते जवळपास नसतंच.

बाळाला पोटाशी बांधायची कापडी झोळी बोटीत वापरू नका. पाण्यात पडल्यावर तुमचं जॅकेट तुम्हाला वर आणेल, पण बाळाचं तोंड तुमच्या छातीशी आणि पाण्यात दाबलेलं राहू शकतं. शिवाय त्या घाबरगुंडीत झोळीची बकलं सुटत नाहीत. बाळ हातात धरायचं, दोघांनाही वेगवेगळी जॅकेटं घालायची.

२. स्वतःचं जॅकेट घ्या

वर्षातून दोनदा जरी कोकणात, गोव्यात किंवा तापोळ्याला जात असाल, तर मुलांसाठी घरचं जॅकेट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यांचं भाड्याचं चालेल. लहान मापाचं मात्र धक्क्यावर असेलच याची खात्री नसते, आणि ‘नाही’ हे कळतं तेव्हा तिकीट काढून झालेलं असतं, मूल हट्ट करत असतं आणि मागची रांग ढकलत असते. अशा वेळी कोणीही आईबाप ‘चला, एवढंसंच तर अंतर आहे’ म्हणतात.

घेताना या गोष्टी बघा :

- लेबल. वजनाचा पट्टा आणि ५०, १०० किंवा १५० असा तरंगशक्तीचा आकडा (हा न्यूटनमध्ये असतो, किलोंमध्ये नव्हे). ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही मदत जवळ असताना. ते माणसाला उताणं करण्याची हमी देत नाही. न पोहणाऱ्या मुलासाठी १०० किंवा त्यावरचं घ्या. लेबलच नसेल तर ते जॅकेट कितीही सुंदर असो, दुकानातच राहू द्या.
- मानेमागची कॉलर. मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, त्यामुळे ते पाण्यात पुढे कलतं. कॉलर डोक्याला आधार देते.
- मांडीखालचा पट्टा. पायांमधून जाऊन पुढे अडकणारा. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी या पट्ट्याशिवाय जॅकेट घेऊ नका. जॅकेट वर सरकू न देण्याचं काम तोच करतो.
- मागची मूठ. कॉलरजवळ शिवलेला जाड पट्टा. मुलाला बाहेर खेचताना हात तिथेच जातो.
- रंग. भगवा, पिवळा, पोपटी. निळं आणि करडं जॅकेट लाटांत दिसत नाही. मुलाला निळाच हवा असेल तर टोपी निळी घेऊन द्या.
- शिट्टी. नसेल तर प्लॅस्टिकची वेगळी बांधा.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, बूटसुद्धा. ती सवय इथे चालत नाही. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून घेतलेलं जॅकेट या वर्षी धोक्याचं असतं आणि पुढच्या वर्षी त्याचा फोम जुना झालेला असतो.

हवा भरायच्या बाह्या, ट्यूब, पोहण्याच्या तलावात घालतात तो फुगीर पोशाख, यांतलं काहीही लाइफ जॅकेट नाही. आपोआप फुगणारी गॅसच्या सिलिंडरची जॅकेटंही लहान मुलांसाठी नकोत. अमेरिकेत तिथल्या तटरक्षक दलाची मान्यता असलेली बहुतेक फुगणारी जॅकेटं १६ वर्षांखालच्यांसाठी नसतातच. तिथे राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : चालत्या मनोरंजन-बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलानं जॅकेट घालून बसणं, ते बंद केबिनमध्ये किंवा डेकखाली नसेल तर, तिथे कायद्यानंच सक्तीचं आहे, काही राज्यांत वयाची अट वेगळी आहे.

३. पाण्यातली चाचणी

जॅकेट आणलं की ते माळ्यावर टाकू नका. प्रवासाच्या आधी एकदा तरी पोहण्याच्या तलावात, तुमच्या कमरेएवढ्या पाण्यात, मुलाला ते घालून उतरवा. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा.

मुलाला पाय सोडून मागे रेलायला सांगा. हनुवटी पाण्याच्या वर, तोंड आकाशाकडे आणि कान ओले झाले तरी चालतील, अशी स्थिती हवी. जॅकेट खांद्यांवरून वर येऊन गालांना लागत असेल तर पट्टे ढिले आहेत किंवा माप मोठं आहे. मूल पुढे कलंडत असेल तर त्याला पाय पोटाशी घेऊन मागे रेलायला शिकवा. दोन-चार वेळा केलं की जमतं.

या चाचणीचा खरा फायदा वेगळाच आहे. पहिल्यांदा जॅकेट घालून पाण्यात गेलेलं मूल घाबरतं, कारण शरीर आपल्या मनाप्रमाणे वळत नाही. ती भीती तलावात निघून गेली पाहिजे, खाडीत नव्हे. तिथेच शिट्टी वाजवायला लावा. भिजलेली शिट्टी एकदा झटकावी लागते, हेही त्याला कळेल.

४. धक्क्यावर पोचल्यावर : आधी बोट बघा, मग तिकीट काढा

बोटीवर किती प्रवासी चालतात ते रंगवलेलं किंवा फलकावर लिहिलेलं असतं. मुलंही त्या संख्येत धरतात का, ते विचारा. ‘लहान आहेत, मांडीवर बसतील’ असं उत्तर आलं तर पुढची बोट बघा. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या; क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि अनेक मुलांच्या अंगावर जॅकेट नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. आणि तो तलाव होता, समुद्र नव्हे. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला किंवा तापोळ्याच्या शिवसागर जलाशयाला ‘इथे काय होणार’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग भाड्याचं जॅकेट हातात घेऊन तपासा. यात मिनिटभर जातं :

- कापड नखानं खरवडा. उन्हानं कुजलेलं कापड फिकट पडतं आणि बोटानं फाटतं.
- फोम दाबून सोडा. तो लगेच फुगून वर यायला हवा. वर्षानुवर्षं बसायला उशी म्हणून वापरलेल्या जॅकेटातला फोम चेपलेला आणि कडक झालेला असतो.
- उचलून बघा. कोरडं दिसूनही जड लागतंय म्हणजे आत पाणी आहे.
- प्रत्येक बकल लावून जोरात ओढा. नाडीचं असेल तर नाडी शिवणीपाशी ओढा, ती उसवलेली असते.

लहान मापाचं जॅकेट मिळालं नाही तर काय? आठ-दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी उत्तर एकच : त्या बोटीत बसायचं नाही. बारा-तेरा वर्षांच्या, मोठ्यांच्या मापाला जवळजवळ पोचलेल्या मुलाला थोडं ढिलं होत असेल, तर कमरेच्या पट्ट्याला पुढून मागे, पायांमधून, रुंद कापडी पट्टी बांधून जॅकेट खाली ओढून धरता येतं. पिशवीत अशी पट्टी ठेवावी. पण हा तोडगा तेवढ्याच वयापुरता आहे. चिमुरड्यांना मोठ्यांच्या जॅकेटात असं ‘बसवू’ नका.

५. जॅकेट घालण्याचा क्रम

हे पायऱ्यांवर किंवा बोटीत नाही, धक्क्याच्या मागे, सपाट जागी करा.

पहिल्यांदा मुलाच्या पाठीवरची बॅग, जाड स्वेटर, गळ्यातली ओढणी किंवा पाण्याच्या बाटलीचा पट्टा काढा. जॅकेट अंगाला लागून हवं. त्याच्या आत काही असलं की बांधलेलं घट्ट वाटतं आणि भिजल्यावर ढिलं होतं. बॅग जॅकेटच्या वरूनही नको. घेरदार फ्रॉक असेल तर घेर आधी मागे-पुढे सारून मांडीखालचा पट्टा अंगाजवळून घ्या, कापडावरून नव्हे. मुलींना पट्टा नीट लागावा म्हणून त्या दिवशी पँट किंवा लेगिंग घालणं सर्वांत सोपं.

मग :

१. सगळे पट्टे पूर्ण सैल करा. आधीच्या मुलाच्या मापाला अडकलेला पट्टा तसाच ठेवून जॅकेट घालणं ही नेहमीची चूक आहे.
२. दोन्ही हात घालून झिप वरपर्यंत लावा.
३. कमरेचं बकल लावा आणि ओढा. मग त्याच्या वरचं. खालून वर जायचं. आधी छातीचं आवळलं तर जॅकेट वर चढून बसतं.
४. शेवटी मांडीखालचा पट्टा. मूल सरळ उभं असताना त्यात तुमची दोन बोटं जेमतेम जातील इतका ठेवा.
५. लोंबणारी टोकं खोचून टाका. ती बोटीच्या खुंटाला अडकतात.

नाडीचं जॅकेट असेल तर नाडी पाठीमागून फिरवून पुढे आणा आणि पुढेच दुहेरी गाठ मारा. पाठीमागे मारलेली गाठ सुटलेली कळत नाही.

६. तीन तपासण्या, न चुकता

> एक : मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा. तुम्ही जॅकेट खांद्यांजवळ धरून वर उचला. ते हनुवटीला किंवा कानांना टेकलं तर ढिलं आहे. पट्टे आवळूनही टेकत असेल तर माप चुकलंय.
>
> दोन : मुलाला खाली बसायला सांगा. बसल्यावर जॅकेट गळ्याशी येत असेल तर बोटीत बसल्यावर मूल ते काढायला लागेल.
>
> तीन : खोल श्वास घ्यायला आणि नाव मोठ्यानं सांगायला सांगा. श्वास अडत असेल तर पट्टे बोटभर सैल करा.

पहिली तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बाकी सगळं विसरलात तरी ती एक करा. ती चुकली तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

७. चढणं आणि उतरणं

जॅकेट धक्क्यावरच घालायचं याचं कारण इथे आहे. गेटवेला बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत जावं लागतं. मुरुड-जंजिऱ्याला होडी किल्ल्याच्या दाराशी हेलकावत असते आणि पायरीवर उडी मारावी लागते. बोट आणि दगड यांच्या फटीत पडणं हा इथला धोका आहे, आणि तिथे जॅकेटपेक्षाही हात महत्त्वाचा.

एक मोठा माणूस आधी बोटीत जाईल, एक धक्क्यावर राहील, मूल मधून. लाट बोटीला वर आणते त्या क्षणी खलाशी ‘चला’ म्हणतो. त्याच्या आधी नाही. मुलाचा हात मनगटाच्या वर धरा, बोटं धरू नका. कडेवर घेऊन उडी मारू नका.

उतरताना जॅकेट काढायची घाई होते, कारण खलाशाला ती पुढच्या फेरीला हवी असतात. जमिनीवर पाय टेकल्यावरच काढायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तो सहसा ऐकतो.

८. बोटीवर

मुलाला बाहेर पडायच्या वाटेजवळ, उघड्या भागात, आतल्या बाजूला बसवा. बंद खालच्या मजल्यावर नको : बोट उलटली तर फोमचं जॅकेट माणसाला आतल्या छताशी दाबून धरतं आणि बाहेर पडायला बुडी मारता येत नाही. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी दुमजली बोट उलटून २२ जण गेले, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. बंद जागेतच बसावं लागणार असेल तर ती बोट मुलांसाठी नाही, असं समजा.

मुलाला बाकाला, खांबाला किंवा स्वतःला बांधू नका.

प्रत्येक मुलामागे एक ठरलेला मोठा माणूस हवा. ‘आम्ही सगळे आहोत ना’ म्हणजे कोणीच नाही. तारकर्लीला डॉल्फिन दिसला की सगळी बोट एका बाजूला धावते, मोबाईल वर जातात आणि बोट कलते. त्या वेळी ठरलेल्या माणसानं मुलाकडे बघायचं, डॉल्फिनकडे नाही.

गरम होतं म्हणून मुलं झिप उघडतात. आधीच पाणी पाजा, टोपी घाला, सावलीची जागा घ्या. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टे पुन्हा ओढून बघा, कारण बसल्यावर आणि शिंतोड्यांनी भिजल्यावर ते सैल होतात. मोठ्यांनीही जॅकेट घालूनच ठेवा. बाबांनी काढलेलं दिसलं की मूल पाच मिनिटांत काढतं. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा कोणाला जॅकेट शोधायला वेळ मिळाला नाही, ते आधीच अंगावर असावं लागतं.

बनाना राइडचं वेगळं सांगतो. तिथे चालक शेवटी मुद्दाम सगळ्यांना पाण्यात पाडतो, आणि पडताना झटक्यानं ढिलं जॅकेट निघतं. निघण्याआधीच त्याला ‘पाडायचं नाही’ असं सांगा. ज्या मुलाचे हात मुठीला आणि पाय आधाराला नीट पोचत नाहीत, त्याला बसवू नका.

९. मूल पाण्यात पडलं तर

मुलाला आधीच शिकवायच्या तीन गोष्टी : मागे रेल, गुडघे पोटाशी घे, शिट्टी वाजव. बोटीमागे पोहू नको. दोघं-तिघं पडली तर एकमेकांना धरून घोळका करा.

बोटीवरच्यांसाठी क्रम असा :

१. ‘मूल पाण्यात!’ असं ओरडा आणि एका माणसानं हाताचं बोट मुलाकडे रोखून धरावं. नजर हलवायची नाही. लाटांत डोकं क्षणात हरवतं.
२. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, इंजिनाचा गिअर काढायला सांगा. पंखा फिरत असताना मुलाजवळ जाणं बुडण्याइतकंच घातक आहे.
३. रिंग किंवा दोर फेका. मुलाच्या अंगावर नाही, त्याच्या पुढे.
४. लगेच उडी मारू नका. बिनजॅकेटचा बाप पाण्यात गेला की वाचवायचे दोन होतात.
५. उचलताना मागची मूठ किंवा दोन्ही खांद्यांजवळचे पट्टे धरा, हात धरून ओढू नका.

बोटच सोडायची वेळ आली तर मुलाला जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी छातीशी खाली दाबून धरायला सांगा आणि पाय खाली ठेवून पाण्यात उतरवा. उंचावरून उडी मारली तर फोमचं जॅकेट हनुवटीवर आदळतं.

मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि नेहमीचा ११२. निघण्याआधी फोनमध्ये ठेवा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

> तपासा : बाहेर काढलेलं मूल ठीक दिसलं तरी पाणी गिळलं असेल आणि खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा ते विचित्र सुस्त वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

१०. घरी आल्यावर

जॅकेट गोड्या पाण्यात धुवा, झिप आणि बकलांत अडकलेली वाळू काढा, सावलीत वाळवा. उन्हात, हीटरजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्यावर बसू नका आणि वर सामान रचू नका. फाटलेल्या जागी सुईदोऱ्यानं टाके घालून भागत नाही. फोम उघडा पडला की जॅकेटचं आयुष्य संपलं.

दर सुट्टीच्या आधी मुलाचं वजन पुन्हा करा. जॅकेट लहान झालं असेल आणि फोम, कापड, बकल शाबूत असतील तर नात्यातल्या धाकट्या मुलाला द्या, लेबलसकट. खराब झालेलं मात्र कोणालाही देऊ नका आणि तसंच कचऱ्यातही टाकू नका. पट्टे कात्रीनं कापा, कापड फाडा, मग टाका. नाहीतर ते उचलून धुऊन कोणीतरी पुन्हा वापरात आणतं.